पावसाचें भाकीत आणि सरकारचा ठराव

मृगाच्या दीड-दोन महिने आधीं, एप्रिलच्या मध्यास, हवामान खात्याचें पहिलें भाकीत वर्तमानपत्रांत येतें, व त्या दिवसापासून चावडीवर, बाजारांत आणि सोसायटीच्या कचेरींत त्याचीच चर्चा सुरू होते. यंदा पाऊस सरासरीच्या शेंकडा इतका पडेल, असा एक आंकडा त्यांत असतो. कोणी तो वाचून बियाण्याची बेगमी करतो, कोणी हंसून कागद बाजूस ठेवतो. परंतु ज्या सरकारी संशोधनांतून हा आंकडा निघतो त्याचा सरकारच्या धोरणाशीं संबंध किती, आणि त्या धोरणाचा आपल्या बांधाशीं संबंध किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें तो विचारण्याची वेळ आली आहे. दुष्काळ जाहीर होणें, साऱ्याची सूट, विम्याची भरपाई हीं सर्व आतां कोठल्या ना कोठल्या हवामानाच्या मोजणीवर टांगलेलीं आहेत, आणि ती मोजणी कोण करतो व तिचा अर्थ कोण लावतो हें शेतकऱ्यास ठाऊक नसावें ही गोष्ट बरी नव्हे.

हवामान खातें हें केवळ शास्त्राच्या आवडींतून निघालेलें नाहीं. तें आपत्तींतून निघालें. सन १८६४ मध्यें कलकत्त्यास मोठें चक्रीवादळ झालें, १८६६ मध्यें ओरिसांत दुष्काळानें हाहाकार उडविला, आणि त्यानंतर १८७५ मध्यें सर्व हिंदुस्थानाकरितां एक खातें स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले मुख्य झाले. खात्याचें बस्तान बसतें न बसतें तोंच १८७६ सालीं दख्खनचा पाऊस गेला. सोलापूर, विजापूर, अहमदनगर, पुणें या जिल्ह्यांत त्या दुष्काळानें काय केलें हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पुढें नेमलेल्या दुष्काळ कमिशननें १८८० सालीं आपला अहवाल दिला. शेतकी खात्यांची स्थापना, दुष्काळनिवारणाचे नियम व पर्जन्याची पद्धतशीर नोंद यांस त्यामुळें जोर आला. पाऊस राहणार कीं जाणार हें आधीं सांगतां येईल काय, अशी पृच्छा सरकारनें ब्लॅनफोर्ड यांजकडे केली. हिमालयावर हिंवाळ्यांत व वसंतांत बर्फ अधिक पडलें तर पुढील पाऊस कमी, असा संबंध त्यांस दिसला होता. त्याच्या आधारें १८८२ पासून कांहीं वर्षें त्यांनीं प्रयोगादाखल भाकितें केलीं, आणि ४ जून १८८६ रोजीं पहिलें रीतसर भाकीत निघालें. तेव्हां प्रश्न कारभाऱ्यांचा होता, उत्तर शोधण्याचें काम शास्त्रज्ञाकडे आलें.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. सरकारनें भाकीत मागितलें खरें, परंतु मदतीचीं कामें काढण्याचा हुकूम त्या भाकितावर सोडला नाहीं. १८८३ पासून जी दुष्काळसंहिता तयार होत गेली तिनें संकटाचीं चिन्हें म्हणून ज्या गोष्टी धरल्या त्या जमिनीवरच्या होत्या: धान्याचे चढते भाव, सावकाराची आंखडलेली पत, अन्नासाठीं गांव सोडून भटकणारीं माणसें. त्या राजवटीच्या दुष्काळांतील कारभाराविषयीं बोलण्यासारखें पुष्कळ कटु आहे. तथापि भाकीत व पुरावा या दोन वस्तु वेगळ्या आहेत, एवढें तिनें ओळखलें होतें.

ती ओळख किती आवश्यक होती हें १८९९ नें दाखविलें. ब्लॅनफोर्ड यांच्या मागून आलेले सर जॉन ईलियट हे मोठे उद्योगी गृहस्थ. त्यांचीं भाकितें लांबलचक व तपशीलवार असत. १८९९ सालीं पाऊस चांगला होईल असें त्यांनीं वर्तविलें, आणि त्याच वर्षीं गुजराथ, राजपुताना, वऱ्हाड, मध्यप्रांत असें सर्वत्र अवर्षण पडलें. संवत् १९५६ वरून ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणतात तो हाच. भाकितावर टीकेचा भडिमार झाला. त्यावर उपाय काय, तर पुढें कांहीं वर्षें भाकितें लोकांस न देतां सरकारी अंमलदारांपुरतीं गुप्त ठेवण्यांत आलीं! या उपायाचें आम्हांस अद्यापि नवल वाटतें. जें भाकीत लोकांनीं वाचण्याइतकें भरंवशाचें नव्हे तें कलेक्टरनें वाचण्याइतकें भरंवशाचें कसें झालें? आणि जें वाचून कलेक्टर कांहीं करणार तें रयतेस कां कळूं नये?

१९०४ मध्यें सर गिल्बर्ट वॉकर खात्याचे मुख्य झाले. हे मूळचे केंब्रिजचे गणिती. बर्फ, वारा अशा एकाददुसऱ्या खुणेवर न विसंबतां जगांतील ठिकठिकाणच्या हवेचा दाब, उष्णता व पाऊस यांच्या जुन्या नोंदींचा त्यांनीं कारकुनांच्या फौजेकडून ताळा घेववला. त्यांतून पॅसिफिक व हिंदी महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें वरखालीं होत असतो, असें त्यांस आढळलें. आज ‘एल् निन्यो’ हें नांव शाळेंतल्या मुलांच्याही तोंडीं आहे. त्या समुद्रउष्णतेचा वॉकर यांच्या तराजूशीं सांधा पुढें १९६० नंतरच्या दशकांत जुळला. आम्ही हें मुद्दाम सांगतों. हिंदी रयतेच्या पावसासाठीं काढलेल्या त्या शोधाचा उपयोग पुढें सगळ्या जगास झाला. सरकारी संशोधनावर खर्च झालेला पैसा फुकट जातो असें म्हणणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

महाराष्ट्राचा या कामाशीं प्रत्यक्ष संबंध आला तो १९२८ सालीं. त्या वर्षीं खात्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास आली. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. त्याच वर्षीं रॉयल शेतकी कमिशनचा अहवाल निघाला, आणि हवामानाचा अभ्यास शेताच्या उंबरठ्यापर्यंत आणावा या त्याच्या सूचनेवरून १९३२ मध्यें पुण्यास शेतकी हवामानाची स्वतंत्र शाखा उघडली. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास. जमिनीलगतची हवा व डोक्याइतक्या उंचीवरची हवा यांत किती अंतर असतें, काळ्या व पांढऱ्या मातींत ऊन किती मुरतें, पिकाच्या आंत दंव कसें धरतें, असले प्रश्न त्यांनीं हातीं घेतले. आमच्या मतें या सगळ्या इतिहासांत शेतकऱ्याच्या नजरेनें पाहिलेलें काम तेंच पहिलें. १९६२ मध्यें पुण्यासच उष्णकटिबंधीय हवामानाची संशोधनसंस्था स्थापन झाली, ती पाषाणास आहे. आज देशाचें मोसमी पावसाचें भाकीत ज्या गणकयंत्रांच्या गणितावर उभें आहे त्याचें पुष्कळसें काम तेथें चालतें.

आतां भाकिताच्या योग्यतेचा विचार करूं. १९८८ मध्यें डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोळा खुणांवर आधारलेली एक पद्धति काढली आणि पुढें बरींच वर्षें तिचा बोलबाला झाला. मग २००२ साल उजाडलें. भाकीत होतें सरासरीच्या शेंकडा १०१; प्रत्यक्ष पाऊस झाला शेंकडा ८१. एकट्या जुलै महिन्यांत देशाचा पाऊस निम्म्यावर आला. पद्धति बदलली, पण २००४ व २००९ या अवर्षणाच्या वर्षींही भाकितानें दगा दिला. यानंतर २०१२ मध्यें केंद्र सरकारनें ‘मान्सून मिशन’ हातीं घेतलें, व जुन्या खुणांच्या जोडीस समुद्र आणि हवा यांचें एकत्र गणित मांडणारीं यंत्रें आलीं. २०२३ सालीं, एल् निन्योचें वर्ष असतां, एप्रिलांत शेंकडा ९६ सांगितलें होतें आणि पाऊस शेंकडा ९४ झाला. सुधारणा झाली हें कबूल केलें पाहिजे.

परंतु त्याच २०२३ चा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या सर्व ऑगस्टांत देशास सर्वांत कोरडा गेला, हेंही वाचकांस स्मरत असेल. शेंकडा ९४ हा आंकडा बरोबर. सोयाबीन फुलावर असतांना तीन-तीन आठवडे आभाळ कोरडें, हीही गोष्ट बरोबर. दोन्हीही एकाच वेळीं खरें असूं शकतें, कारण देशाची सरासरी म्हणजे आसामचा पूर व माणदेशाचा फुफाटा एका मापांत ओतून काढलेली बेरीज. दिल्लीच्या अर्थखात्यास, रिझर्व्ह बँकेस, धान्याचा सांठा करणाऱ्या महामंडळास ती उपयोगी आहे. त्यांचा कारभारच देशभराचा. बार्शीच्या शेतकऱ्यास तिचा उपयोग फार थोडा. २०१७ सालीं बीड जिल्ह्यांत माजलगांव तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं भाकीत चुकल्यावरून हवामान खात्याविरुद्ध पोलीस ठाण्यांत तक्रार दिली, तेव्हां शहरांतील लोक हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. देशाच्या कारभारासाठीं केलेलें भाकीत शेतकऱ्याच्या पेरणीसाठीं केलेलें आहे असें भासविलें गेलें कीं दुबार पेरणीचा खर्च कोणाच्या तरी माथीं बसतोच.

मग शेतकऱ्याचा खरा संबंध येतो कोठें? तो भाकिताशीं नसून नोंदीशीं आहे. पूर्वीं पिकाची आणेवारी, पुढें पैसेवारी, हीच टंचाईची मुख्य कसोटी असे. पन्नास पैशांच्या आंत आली कीं गांवास सवलती लागू होत. तींतही ओढाताण होई, पण ती गांवच्या शिवारांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत होई. २०१६ मध्यें केंद्र सरकारनें दुष्काळाची नवी नियमपुस्तिका काढली. तिच्याप्रमाणें प्रथम पावसाची तूट किंवा सलग खंड पाहावयाचा. मग पेरणीचें क्षेत्र, जमिनींतील ओल, उपग्रहानें टिपलेली पिकाची हिरवाई आणि धरण-विहिरींचें पाणी यांचे निर्देशांक लावावयाचे. शेवटीं निवडक गांवांत जाऊन पडताळा घ्यावयाचा. आणि मग तालुका ‘मध्यम’ कीं ‘तीव्र’ हें ठरवावयाचें. शास्त्र यांत पुष्कळ आलें. परंतु तूट अमुक टक्क्यांची असली म्हणजे दुष्काळ, तीन निर्देशांक लागले म्हणजे तीव्र, ही रेघ उपग्रह ओढीत नाहीं. ती मंत्रालयांत माणसेंच ओढतात, आणि ओढतांना तिजोरीकडे पाहतात.

याचा दाखला दूर शोधावयास नको. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं महाराष्ट्र सरकारनें या नियमांप्रमाणें चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादी निघतांच शेजारच्या तालुक्यांत ओरड झाली, कारण बांधाच्या अलीकडे दुष्काळ व पलीकडे सुकाळ असा प्रकार झाला होता. दहा-बारा दिवसांत दुसरा ठराव निघाला. ज्या महसुली मंडळांत जून ते सप्टेंबर पाऊस सरासरीच्या शेंकडा ७५ पेक्षां कमी व एकंदरींत ७५० मिलिमीटरच्या आंत, अशीं १०२१ मंडळें दुष्काळसदृश ठरविण्यांत आलीं. आकाश तेंच, नोंदी त्याच; कसोटी बदलली आणि शेंकडों गांवें यादींत आलीं. जमीनमहसुलांत सूट, कर्जाचें पुनर्गठन, वीजबिलांत सवलत, परीक्षाशुल्काची माफी, इतकें त्या यादीवर अवलंबून होतें. आम्ही सरकारास दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. दुसरा ठराव निघाला हें चांगलेंच झालें. परंतु शास्त्रीय अहवालापुढें शेतकऱ्यानें मान तुकवून गप्प बसावें, या समजुतीस त्या दहा दिवसांनीं चांगलाच छेद दिला.

याच विषयांतील आणखी एक बाब आहे. ती सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ‘सरासरी’ ही कायमची वस्तु नव्हे. हवामान खातें ती ठराविक काळानें नव्यानें काढतें. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी पूर्वीं ८८ सेंटिमीटर धरीत. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून ती २०२२ पासून ८७ धरली जाते. मुंबईचा पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबर होती, ती २०२० मध्यें ८ ऑक्टोबर केली. शास्त्राच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. जुन्या मापानें नवें हवामान मोजूं नये. पण धोरणाच्या दृष्टीनें परिणाम पाहा. जेथें पाऊस खरोखरच उतरत चालला आहे तेथें सरासरीही उतरणार, आणि ‘सरासरीच्या शेंकडा ७५’ ही रेघ तिच्याबरोबर खालीं सरकणार. काल जी तूट होती ती उद्यां नेहमींचीच ठरेल. पिकाला लागणारें पाणी मात्र तेवढेंच राहील. ज्वारीस कोणी नवी सरासरी कळवीत नाहीं.

२०२० सालीं पृथ्वीविज्ञान मंत्रालयानें हिंदुस्थानच्या हवामानबदलाचा जो अहवाल काढला त्यांत हीच गुंतागुंत दिसते. १९५१ ते २०१५ या काळांत देशाचा मोसमी पाऊस सुमारें शेंकडा ६ नें घटला. उलट मध्य हिंदुस्थानांत एका दिवसांत १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग १९५० पासून सुमारें शेंकडा ७५ नें वाढले. म्हणजे महिन्याच्या पावसाचा आंकडा सरासरीइतका भरेल, परंतु तो चार दिवसांत पडून माती घेऊन जाईल व उरलेले सव्वीस दिवस पीक माना टाकील. अशा वेळीं निव्वळ हंगामाच्या बेरजेवर दुष्काळ ठरविणें म्हणजे सरकारनें स्वतःच्याच संशोधनाकडे पाठ फिरविणें होय.

विम्याची गोष्ट याहून नाजूक. फळबागांच्या हवामानाधारित विम्यांत पीक कोणी पाहत नाहीं, यंत्र पाहतें. केळीस थंडी ठरलेल्या अंशाखालीं ठरलेले दिवस राहिली, द्राक्षास अवेळीं पाऊस ठरलेल्या मापाहून अधिक झाला, अशी नोंद मंडळाच्या स्वयंचलित केंद्रांत झाली तर भरपाई. न झाली तर नाहीं. ‘महावेध’ योजनेखालीं महाराष्ट्रांत अशीं दोन हजारांवर केंद्रें उभीं आहेत, आणि कागदावर ही मोठी सोय आहे. पण मंडळांत पुष्कळ गांवें येतात आणि वळीव तर एका ओढ्याच्या कांठीं पडून दुसऱ्या कांठास कोरडा ठेवतो. आमच्या पाहण्यांतील एक केंद्र भिंतीच्या आडोशास, बाभळीच्या सावलींत उभें होतें. त्याच्या पात्रांत वाळकीं पानें पडलीं होतीं आणि त्या हंगामांत तें कोणी उघडून पाहिल्याचें दिसत नव्हतें. त्या मंडळांतील बागाइतदारांचें वर्षाचें उत्पन्न त्या पानांखालीं दडलें होतें असें म्हटलें तर अतिशयोक्ति नव्हे.

संशोधन व शेतकरी यांच्या मधला दुवाही असाच कच्चा राहिला आहे. २०१८ पासून देशांत सुमारें दोनशें जिल्ह्यांच्या कृषिविज्ञान केंद्रांत हवामानसल्ल्याचीं स्वतंत्र पथकें नेमण्यांत आलीं होतीं. तालुक्याचा अंदाज घेऊन फवारणी आज करावी कीं परवां, कापूस वेंचावा कीं थांबावें, हें स्थानिक भाषेंत सांगणारीं हीं माणसें. २०२४ च्या आरंभीं तीं पथकें बंद झालीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ‘मिशन मौसम’ या नव्या कार्यक्रमास दोन वर्षांकरितां दोन हजार कोटि रुपये मंजूर झाले, आणि मे २०२५ मध्यें पुण्याच्या संस्थेनें सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंतचा अंदाज देणारी पद्धति देशास अर्पण केली. ही चौकट आपल्या चारसहा गांवांएवढी. हें काम खरोखरच अभिमानास्पद आहे. पण पाटाला पाणी सोडून शेवटची चारी बुजवावी, तसें हें झालें.

उलट बाजूचें उदाहरण कर्नाटक व आंध्र यांच्या सरहद्दीवरचें आहे. पावगड व अनंतपूर या कोरड्या मुलखांत भुईमूग हेंच मुख्य पीक. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंतील डॉ. सुलोचना गाडगीळ व त्यांचे सहकारी तेथील शेतकऱ्यांकडे गेले ते उत्तर घेऊन नव्हे, प्रश्न विचारण्यास. शेतकऱ्यांनीं विचारलें, पेरणी नक्की कोणत्या दिवसांत करावी? मग त्या मुलखाच्या पुष्कळ वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेऊन, दर वर्षीं निरनिराळ्या तारखांस पेरलें असतें तर काय आलें असतें, याचें गणित त्यांनीं मांडलें. पहिल्या पावसासरशी पेरण्यापेक्षां जुलैच्या मध्यानंतर पेरण्यांत जोखीम कमी, असें निघालें. हा निष्कर्ष येत्या वर्षीं पाऊस किती होईल यावर मुळींच अवलंबून नाहीं. तो जुन्या नोंदींवर उभा आहे. ज्यास सरकारनें धोरणाचा आधार करावें असें संशोधन हें. बँकेचें पीककर्ज केव्हां हातीं पडावें, बियाणें कोणत्या आठवड्यांत पोंचावें, विम्याची मुदत कोणत्या तारखेस संपावी, हीं सर्व कोष्टकें त्यावरून बसवितां येतील. आमच्याकडे ज्वारी, तूर, सोयाबीन यांकरितां जिल्हानिहाय असें गणित मांडण्यास लागणाऱ्या नोंदी पुण्यांत पडलेल्याच आहेत.

तोंवर आमची वाचकांस एक व्यावहारिक सूचना आहे. गांवोगांवच्या सोसायट्यांनीं स्वतःचें साधें पर्जन्यमापक घ्यावें. तें उघड्या जागीं, जवळच्या झाडाच्या अगर घराच्या उंचीच्या निदान दुप्पट, शक्य तर चौपट अंतरावर असावें. त्याचें तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर व सपाट राहील असें पहावें. रोज सकाळीं साडेआठ वाजतां माप घ्यावें, कारण सरकारी नोंदीची वेळ तीच आहे व दोहोंचा ताळा त्याशिवाय जमणार नाहीं. पाऊस नसेल त्या दिवशींही शून्य लिहावें. कोरा रकाना म्हणजे खंड कीं आळस हें मागाहून कोणास सांगतां येत नाहीं. वहीस पानांचे क्रमांक घालून महिन्याच्या अखेरीस तलाठ्याची सही मागावी. तो देईल किंवा न देईल. मागितल्याची तारीख मात्र वहींत लिहून ठेवावी. आणि मंडळाच्या केंद्राजवळून जाणें होईल तेव्हां त्याच्या पात्रांत पानें तर पडलीं नाहींत ना, हें डोकावून पहावें.